भिंतीकडची जागा

“मी डोळे नाही उघडले, बाई. पण माझा हात कुणीतरी धरला होता, देवाशप्पथ!”

“प्रार्थनेतून आलीस आणि शपथा कसल्या घेतेस गं?” गणिताच्या बाई बालवर्गातल्या पोरीवर ओरडल्या.

शाळा म्हणजे चर्चमागच्या सहा खोल्या. बालवर्ग ते दहावी, सगळा कारभार त्यातच. एका खोलीत पाढे सुरू झाले की शेजारच्या इतिहासाला धड झोपही घेता येत नसे. मुलं एकसष्ट. रोज सकाळी प्रार्थनेला प्रत्येक मोठ्यानं एका लहानग्याचा हात धरायचा, डोळे मिटायचे आणि ‘आमेन’ होईपर्यंत उघडायचे नाहीत, हा तिथला शिरस्ता. एकसष्टांत एक उरणारच. उरली ती बालवर्गातली चिमणी. मागच्या रांगेत, भिंतीकडे ती एकटीच उभी राहायची.

“कोणी धरला?”

“एका ताईनं. ती बोलत नाही. तिचा अंगठा खरखरीत आहे. इथं, टाके घातल्यासारखा.”

बाईंनी स्वतःचा अंगठा तिच्यापुढे धरला. “कुठं, दाखव.”

त्यांची लेक याच शाळेत नववीला होती. लहानपणी तिचा अंगठा दारात चेंगरला होता, तीन टाके पडले होते. गेल्या वर्षी दोन दिवसांच्या तापात पोर गेली. शेवटी ती आईचा हात चाचपत होती, असं नर्सनं सांगितलं. आई तेव्हा इथं चाचणीचे पेपर वाटत होती. तेव्हापासून बाईंना अन्न गोड लागेना. तो हात एकदा हातात यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

आठवडाभर त्या चिमणीला खोदून खोदून विचारत राहिल्या.

“आज आली होती?”

“हो. इतका घट्ट धरते, दुखतं मला.”

शेवटी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. “उद्या चिमणीला तुमच्याजवळ पुढे घ्या. तिच्या जागी मी उभी राहते.”

मोठ्या बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. “अहो, गेलेलं माणूस असं परत येतं होय?”

“नाही आलं तर तुमचं काय जातंय?”

“माझं काय जाणार, कप्पाळ!” मोठ्या बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाई भिंतीकडे उभ्या राहिल्या. डोळे मिटले, हात किंचित पुढे केला. प्रार्थना अर्ध्यावर आली आणि एक थंडगार हात त्यांच्या हातात शिरला. बोटांत बोटं अडकली. अंगठा चाचपून बघायचं भान कुठलं! बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

“आले गं बाळा,” त्या पुटपुटल्या. “उशीर झाला, पण आले.”

आमेन झालं. बाईंनी डोळे उघडले. शेजारी कोणी नव्हतं. हात मात्र सुटला नव्हता, उलट पकड आवळत चालली होती. बाई रडता रडता हसल्या. धर, हवा तेवढा वेळ धर, त्या मनात म्हणाल्या.

तेवढ्यात पुढून चिमणी धापा टाकत आली.

“बाई, ताई आज माझ्याबरोबर पुढे होती! आणि पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, ‘आईला तिथून हलव. मी रोज तुझा हात धरायचे, तिथं भिंतीकडे जो असतो, त्याला तो सापडू नये म्हणून.’”