खारट आमटी

रंगनाथरावांनी आज आमटी स्वतः केली, तीत मुद्दाम मूठभर मीठ घातलं आणि बायकोच्या पानात वाढली.

"कशी झालीय?"

"छान झालीय हो," कुमुदताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रंगनाथरावांना डुकराचं हृदय बसवल्यापासून घरातलं भांडणच संपलं होतं. त्या हृदयातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर त्यांच्या पांढऱ्या पेशींना परकं वाटे. औषधांनी त्या पेशी गप्प राहत, पण रंगनाथराव चिडले किंवा घाबरले की अस्तराला चिकटून त्याला कुरतडू लागत. मग हृदयावर लक्ष ठेवणारा मनगटावरचा पट्टा लाल होई. म्हणून सगळे गोड बोलत. मिठाच्या खड्यावरून त्यांना फैलावर घेणारी बाई आता मुकाट्यानं भुरके मारत होती.

"अगं, खरं सांग की एकदा!" ते ओरडले. पट्टा लालसर झाला.

"खरंच छान झालीय," त्यांच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या.

रंगनाथरावांनी हात टेकले. सहज विचारावं तसं विचारलं, "माझ्या अक्काचा बरेच दिवसांत फोन नाही. बरी आहे ना ती?"

"छान आहेत हो," कुमुदताई अगदी त्याच आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली.

रंगनाथराव बघत राहिले. पट्टा लाल होत चालला होता. मग त्यांनी तीच आमटी आपल्या भातावर ओतून घेतली, एक घास कसाबसा गिळला आणि म्हणाले, "हो गं. छानच झालीय."