जाऊबाईंना शोभेल असा शब्द

"दुकान विकायला काढलंय," मालक म्हणाले आणि धाकटीचा पाय शिलाई मशिनच्या पायडलवरच थबकला.

लग्न होऊन आल्यापासून ती आणि तिची थोरली जाऊ या भाड्याच्या दुकानात कपडे शिवत होत्या. मशिनं काय, कुठेही नेता आली असती. पण कोपऱ्यावरची ही जागा, आणि ब्लाउजचं माप द्यायला येऊन तासभर गप्पा ठोकणारी गिऱ्हाइकं कुठून आणायची?

"तुम्ही घेत असाल तर पहिला मान तुमचा," मालक म्हणाले. "पण इसार लगेच लागेल. दुसरा एक जण टपून बसलाय."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या हातात पैसा टिकेल तर शपथ!

थोरलीनं मान वर केली नाही. ती एका फाटक्या शर्टाची बटणं काढून ठेवत होती. तिच्या असल्याच सवयींपायी धाकटीनं तिला गल्लीभर चिकट, चिक्कू, कवडीचुंबक करून ठेवलं होतं. कालच ती एका गिऱ्हाइकाला म्हणाली होती, "सुईत दोरा ओवतानाही आमच्या जाऊबाईंचा जीव खालीवर होतो हो!" थोरली तेव्हा पडद्यामागेच होती.

शेवटचं बटण सुटलं. कात्री बाजूला ठेवत थोरली म्हणाली, "इसार आज बँकेतून काढून देते. बाकीचे खरेदीखताच्या वेळी."

मालक बघतच राहिले. "घरात विचारायला नको?"

"विचारत बसले असते तर साठले नसते," थोरली म्हणाली. "आणि हो, खरेदीखतावर दोघींची नावं घाला."

"माझं कशाला?" धाकटीचा आवाज चिरकला. "मी तर एक पै मागे टाकली नाही!"

"तू बोलबोलून गिऱ्हाईक जमवलंस, म्हणून माझ्या हातात साठवण्याजोगं काही आलं."

मालक हसत हसत पायऱ्या उतरले. ते वळणाआड जायच्या आतच धाकटीनं थोरलीला कडकडून मिठी मारली. गळ्यातली टेप दोघींभोवती गुंडाळली गेली तरी सोडेना.

"जाऊबाई, तुम्ही काटकसरी आहात हे मी पहिल्यापासूनच म्हणत होते!"

"हो का? काल पडद्यामागे मला वेगळंच ऐकू आलं."

"काल शब्द चुकला हो माझा! तुम्ही म्हणजे टुकीनं राहणाऱ्या. धोरणी! दूरदृष्टीच्या! चार पावलं पुढचं बघणाऱ्या!"

थोरलीनं टेपमधून कशीबशी मान सोडवली. हसू काही तिला दाबता येईना.

"पुरे गं बाई," ती म्हणाली. "सगळे चांगले शब्द आजच उधळू नकोस. उद्याला दोन-चार राहू देत."