साहेबांच्या समक्ष

शालीकरामने नळ सोडला आणि पहिली कॅन त्याच्याखाली धरली. बोअरचं पाणी, गार आणि नितळ. कॅनवर चिठ्ठी आधीच डकवलेली होती, ‘मिलचे सांडपाणी’. शेजारच्या कॅनवर ‘नाला’. दोन्ही कॅन मिलच्या या एकाच नळावर भरायच्या, असं गेली अकरा वर्षं चाललं होतं.

साहेब मिलमालकाच्या केबिनमध्ये कूलरसमोर बसले होते. प्रदूषण तपासायला आलेला हा माणूस जीपमधून उतरायचा तो थेट केबिनमध्ये, आणि केबिनमधून निघायचा तो थेट जीपमध्ये. नाला मिलच्या कोणत्या अंगाला आहे असं कोणी विचारलं असतं, तर त्याने मॅनेजरच्या तोंडाकडे पाहिलं असतं. येण्याआधी ‘येतोय’ म्हणून मिलला फोनही तोच करायचा. शालीकरामला त्याची किळस यायची. त्याचं जाड मानेवर रुमाल फिरवणं, काजू निवडून निवडून खाणं, मालकाला ‘शेठजी’ म्हणताना ओला होणारा आवाज. साहेबाच्या हाताखाली नमुने गोळा करणाऱ्या मदतनिसाला याहून जास्त काही करता येत नाही, म्हणून तो मनातल्या मनात साहेबाला हसून घ्यायचा.

“काऊन जी, नळाचं पानी भरून राहिले का?”

कुंपणाच्या तारांपलीकडे धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला आलेल्या बाया शिदोरी सोडून बसल्या होत्या. विचारणारी पस्तिशीची असेल. बाकीच्या तिला दुर्गेश्वरी म्हणत होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि खाली पायांची कातडी सोलून निघालेली. बोटांच्या बेचक्यांत हळद भरली होती. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी मिलमध्ये धान भिजवून उकडायचे, आणि ते आंबलेलं तपकिरी पाणी नाल्यात सोडायचे. नाल्याचं पाणी बोडीटोला गावाच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत जायचं. त्याच बांध्यांत या बाया दिवसभर वाकून रोवणी करायच्या.

“नमुना हाय,” शालीकराम म्हणाला. “सरकारी काम हाय. तुमाले नाही समजत.”

“समजते ना. नळाचं पानी नेता अन् नाला साफ हाय म्हून लिहिता.” ती हसली. “मंग तो नळच देऊन टाका ना आमच्या गावाले. आमी बी साफ होतो.”

बाया खदखदून हसल्या. एकीने मान वळवून थुंकलं.

शालीकरामच्या हातातली कॅन भरून वाहू लागली. हे हसणं त्याच्या ओळखीचं होतं. अकरा वर्षं तो असाच साहेबाला हसत आला होता. या बायांना मात्र केबिनमधला साहेब दिसतही नव्हता. त्यांच्या समोर साहेब म्हणून तोच उभा होता.

त्याने नळ बंद केला. भरलेली कॅन ओतून दिली आणि दोन्ही कॅन उचलल्या. तारांतून वाकून तो पलीकडे गेला आणि बायांच्या देखत नाल्यात उतरला. मिलचा पाइप तोंड उघडून ओकत होता. एक कॅन त्याने पाइपच्या तोंडाशी धरली, दुसरी खालच्या अंगाला. झाकणं घट्ट लावून लाखेने सील केलं आणि बर्फाच्या डब्यात ठेवलं. बाया आता हसत नव्हत्या.

केबिनमध्ये मॅनेजर बशी पुढे सरकवत होता. “और लीजिए ना, साहब.”

शालीकरामने फॉर्म पुढे ठेवला. ‘वरील नमुने माझ्या समक्ष, नमूद ठिकाणावरून घेण्यात आले.’ साहेबांनी तोंड चालू ठेवूनच सही ठोकली. मॅनेजरनेही केली. मग साहेबांचं नाक आक्रसलं.

“शेणात पाय घातलास का रे? मागे बस जीपमध्ये.”

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. घाण मर्यादेच्या चौदा पट. एक प्रत सरळ वरच्या कार्यालयात गेली होती. साहेबांनी शालीकरामला बोलावलं. त्यांचा चेहरा उकडलेल्या धानासारखा फुगला होता.

“हे कुठलं पाणी?”

“नाल्याचं, साहेब.”

“तुला कोणी सांगितलं होतं नाल्यात जायला?”

“कागदावर तसंच लिहिलं हाय. तुमच्या समक्ष घेतलं.”

साहेबांनी फॉर्मवरची आपली सही पाहिली. सही खोटी म्हणावं, तर आपण तेव्हा काजू खात होतो हे लेखी द्यावं लागणार. मॅनेजरचीही तीच गत. बिचारे दोघंही खरे ठरले होते, आणि त्यातून सुटायला वाट नव्हती.

मिल बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. पाणी साफ करायचा हौद बांधून होईपर्यंत चार महिने भोंगा वाजला नाही. पेपरात साहेबांचा फोटो आला, ‘धडाडीचे अधिकारी’ म्हणून. निर्लज्जाने ते कात्रण टेबलाच्या काचेखाली लावलं. शालीकरामला उशिरा येण्याबद्दल दोन मेमो मिळाले. बोडीटोल्याचा नाला एकदम निवळला नाही, पण धान कापणीला आलं तोवर पाण्यावरचा फेस गेला होता आणि बायांच्या पायांवर नवी कातडी धरू लागली होती.

मग कार्यालयात गावोगावचे अर्ज येऊ लागले. कुठे चुन्याची भट्टी, कुठे राखेचे ढीग, कुठे दुसरी मिल. प्रत्येकाची मागणी एकच, फोटोतल्याच साहेबांना पाठवा. वरच्यांचाही फोन आला, जा म्हणून.

दुसऱ्या मिलच्या गावी जायला साहेब जीपमध्ये बसले. त्यांनी शालीकरामच्या हातातला डबा ओढून आपल्या मांडीवर घेतला.

“तुझा भरवसा नाही. यापुढे कॅन मी स्वतः भरणार.”

“भरा ना, साहेब,” शालीकराम मागच्या बाकावरून म्हणाला. “फक्त पँट वर घ्या. सारं गाव नाल्यावर तुमची वाट पाहून राहिलं, अन् गुडघाभर चिखल हाय तेथं.”