पलीकडच्या धक्क्यावरची हाक

त्या संध्याकाळी दिनकरने शिवोलीच्या धक्क्यावरून तीनदा हाक मारली, तरी पलीकडे चोपड्याच्या काठावर बायकोचा पदर हलला नाही. फेरीबोट आली. तिच्यातून उतरलेल्या शेजारच्या सखारामने त्याचा दंड धरला.

"दिनकर, घाई करू नको. तारा गेली."

ती धक्क्याकडे येत असताना धाकूच्या मोटरसायकलने तिला मागून उडवलं होतं. धाकू गावचाच पायलट. मोटरसायकलवर मागे बसवून माणसं पेडण्याला, म्हापशाला पोचवायचा. दिनकर घरी पोचला तेव्हा तो अंगणात हात जोडून उभा होता.

"दिनकरदा, देवाशपथ, तीनदा हॉर्न मारलंय. वहिनी बाजूक झाल्याच नाय."

"फटी मारू नको, खोटारड्या!" दिनकर ओरडला आणि धाप लागून पायरीवर बसला. "नदीपलीकडची माझी हाक ऐकायची ती. तुझा हॉर्न ऐकू येत नाही तिला?"

गावाला ते पटलं. ती हाक आणि तो हलणारा पदर सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्या दिवसापासून धाकूच्या मागे कोणी बसेना.

हाकेची सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. दिनकरचा खोकला जाईना, चढ चढवेना. लोक क्षय म्हणू लागले. तारा त्याला पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. एक्स-रेच्या रांगेत त्याला उभं करून ती गेली, ती तासाभराने उगवली.

"एवढं मोठं इस्पितळ. वाट चुकले."

पुढे सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, क्षय नव्हे, सारकॉइडोसिस. छातीत गाठी आणि फुप्फुसाला सूज. गोळ्या दीड-दोन वर्षं घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. सूज किती उतरली ते सहा महिन्यांनी छातीचा फोटो काढून आणि यंत्रात फुंकायला लावून कळेल.

"आणि मधले सहा महिने?" दिनकरने विचारलं.

"घरच्यांनी लक्ष ठेवायचं. धाप किती लागते, आवाज कसा आहे."

"ते मी बघीन," तारा म्हणाली. बोलताना तिची नजर बाईंच्या तोंडावरून हलली नव्हती.

दिनकर शिवोलीला सोसायटीच्या दुकानात कामाला. ताराने ठरवून टाकलं, संध्याकाळी फेरीतून परतताना काठ जवळ आला की त्याने हाक मारायची आणि ऐकू आली की तिने पदर हलवायचा. काही महिन्यांनी हाक नदीच्या मधोमध गेली. मग पलीकडच्या धक्क्यावर.

गोळ्यांनी दिनकरचं तोंड सुजलं, झोप उडाली.

"पुरे झाल्या त्या गोळ्या. काडीचा फरक नाही."

"नाही कसा? आज किती खणखणीत आली हाक!"

एकदा तर घसा बसून त्याचा आवाज फुटलाच नव्हता, तरी पदर हलला. फसवते मला, असं तो मनात म्हणाला. पण रात्री गोळी घेतलीच.

घरात मात्र ती त्याचं ऐकेल तर शपथ. पाणी मागितलं तर मीठ आणायची.

"कधी ऐकतेस गो माझं?"

"भिंतीकडे तोंड करून बोलल्यावर कोण ऐकणार? माझ्याकडे बघून बोला."

तारा गेल्यावर तीन महिन्यांनी तो एकटाच शेवटच्या तपासणीला गेला. बाईंनी इस्पितळाने ठेवलेल्या जुन्या-नव्या फोटोंच्या प्रती उजेडाच्या पेटीवर ओळीने लावल्या. पहिल्या फोटोत छाती धुक्याने भरल्यासारखी होती. शेवटचा स्वच्छ होता. बाईंनी त्याला यंत्रात फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि पेन खाली ठेवलं.

"सूज गेली, दिनकर. गोळ्या बंद. बरेच जण कंटाळून मध्येच सोडतात. तुम्ही कशा नाही सोडल्या?"

"बायकोला माझी हाक ऐकू यायची, म्हणून."

परतताना फेरीच्या कठड्याशी उभं राहून त्याने छाती भरून वारा घेतला. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटलं. धक्क्यावरचा चढ तो एका दमात चढला. पिंपळाखाली धाकू रिकाम्या मोटरसायकलला टेकून उभा होता. दिनकरला बघून तो सरळ झाला. दिनकर मान न वळवता पुढे गेला.

ताराने त्याचे सगळे फोटो आपल्या ट्रंकेत लुगड्यांखाली जपले होते. नवा फोटो तिथे ठेवायला दिनकरने ट्रंक उघडली. सगळ्यात तळाशी पहिल्या फोटोचं पाकीट होतं. ते उचलताना आतून एक कार्ड पडलं. इस्पितळ तेच, तारीखही त्या पहिल्या एक्स-रेचीच. नाव ताराचं.

कानांची तपासणी. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंत्र बसवण्यासाठी पुढच्या महिन्यात यावे.

दिनकरने कार्ड दोनदा वाचलं. धाकूकडे जायचं अजून राहिलं होतं.