वरवरचा ओरखडा

"अगं, गोल नको, सरळ! गाडीचं दार आहे ते, कढई नाही."

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नवरा प्लास्टिकच्या खुर्चीत सामन्याच्या पंचासारखा बसला होता. बायको उकिडवी बसून दारावर फडकं घासत होती. ओरखडे तिचेच. गाडी शिकताना तिने फाटकाजवळचं झुडूप फार जवळून पाहिलं होतं. शिकणं भागच होतं, कारण आजवर गाडी चालवणारा उजवा हात अर्धांगाचा झटका आल्यापासून नवऱ्याच्या मांडीवर पडून होता. लांबच्या पाहुण्यासारखा. काम सांगायची सोय नाही आणि निघायचं नाव नाही.

फिजिओवालीने व्यायाम दिला होता. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावर तळहात ठेवायचा आणि पुढे-मागे सरकवायचा. "मी काय हॉटेलात टेबलं पुसायला लागणार आहे?" असं विचारून नवऱ्याने विषय संपवला होता. टॉवेल रोज सकाळी टेबलावर पसरला जाई आणि संध्याकाळी तसाच कोरा करकरीत कपाटात परत जाई. दाबायचा रबरी चेंडू सोफ्याखाली गेला, तो गेलाच. "हात जितका बसून राहील, तितकी त्याला बसायची सवय लागेल," असं फिजिओवाली म्हणाली होती. निघताना, दाराशी, फक्त बायकोला.

"आधी नख फिरवून बघितलंस का?"

"ते कशाला?"

"कशाला म्हणजे! नख अडकलं तर ओरखडा खोल. मग घासून उपयोग नाही, पेंटरकडे जायचं. नाही अडकलं तर वरवरचा, घरी जातो. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून केलंस काय?"

"तुम्ही कुठे धडकत नाही ना, ते बघत होते."

तिने नख फिरवलं. नवऱ्याला पटलं नाही. भांडी घासून बोथट झालेल्या नखांवर त्याचा भरवसा नव्हता. त्याने खुर्ची दाराशी ओढायला लावली आणि डावा हात पुढे केला. पण त्या हाताची नखं तिने कालच मुळापासून कापली होती. उजव्याची मात्र तो कापू देत नसे. तो हात कुणाच्या हातात देणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यामुळे तपासणीच्या लायकीची नखं घरात तेवढीच उरली होती.

त्याने डाव्या हाताने उजवा उचलला, सामान ठेवावं तसा दारावर ठेवला आणि तर्जनी ओरखड्यावरून ओढली.

"नाही अडकत. वरवरचा आहे."

बधिर बोटाला कशातच काही अडकत नाही, हे बायकोला ठाऊक होतं.

बोट खालच्या ओरखड्यावर गेलं.

"हा अडकतोय."

"काय?"

"अडकतोय म्हणतोय ना. हा खोल आहे. हा तुझ्याच्याने जायचा नाही."

तिने आपलं बोथट नख त्याच जागी फिरवलं. अडकलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

"खोल ओरखड्याचा एवढा आनंद झालेली बाई मी पहिल्यांदाच बघतोय," नवरा म्हणाला.

"वरवरचा तरी तुम्हीच घालवा मग. माझं गोल होतंय."

उजवा हात दारावर होताच. तिने त्याच्याखाली ओलसर फडकं सरकवलं, त्यावर ओरखडे घालवायचं कंपाउंड बोटभर लावलं आणि बादलीचं पाणी बदलायला निघून गेली. पुढे-मागे. पुढे-मागे. सुरुवातीला डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं होतं. मग डावा घाम पुसायला कपाळावर गेला आणि परत आलाच नाही.

दारावरची प्लास्टिकची काळी पट्टी उन्हाने पांढुरकी पडली होती.

"खोबरेल चोळू का?" बायकोने विचारलं.

"चोळ. पहिल्या धुण्यापर्यंत तरुण दिसेल, मग पुन्हा आहे तशीच. आधी साबणाने धू, खडखडीत वाळू दे, मग ते बाटलीतलं काळं औषध दे इकडे. आणि उरलं तर माझ्या मिशांना लाव."

संध्याकाळी पट्टी काळीभोर झाली होती आणि दारात नवऱ्याचा चेहरा दिसत होता. खोल ओरखडा तेवढा पेंटरसाठी राखून ठेवला होता. नवऱ्याने दाराकडे बराच वेळ पाहिलं. हात पुन्हा मांडीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर टॉवेल पसरला गेला. नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"गाडी झाली ना आता. हे नको."

बायकोने वाद घातला नाही. दूध आणायला म्हणून ती पिशवी घेऊन खाली उतरली. घराची चावी तिच्या मुठीतून जराशी बाहेर आलेली होती.

"अहो, खाली येता का जरा?" परत आल्यावर ती म्हणाली. "त्या बाजूच्या दारालाही काहीतरी झालंय."

झालं होतं खरं. दाराच्या तळाशी एक लांब, ताजी रेघ होती. नवरा खुर्चीतून वाकला. डावा हात खुर्ची धरण्यात गुंतला होता, म्हणून उजवाच पुढे गेला. सावकाश, थरथरत, पण कुणी न उचलता. नख रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं.

"नाही अडकत," तो म्हणाला. "वरवरचा आहे. कुणी केलं हे?"

"मांजर असेल."

नवऱ्याने रेघेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा रेघेकडे. रेघ अगदी सरळ होती.

"फडकं आण," तो म्हणाला. "आणि त्या मांजराला सांग, उद्या जरा वरच्या बाजूला ओढ. इतकं खाली वाकवत नाही मला."