काळी काच

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये बिनफोटोचा एक नंबर आला आणि भावाभावांची, जावाजावांची रोजची भांडणं एकदम थांबली. वंदनाला पक्का संशय, हा हेर थोरल्या जावेनेच पेरलाय. शेवटी तिने हुडको कॉलनीतल्या घरी बसून तो नंबर लावला, तर रिंग कपाटात वाजली, सासऱ्यांच्या जुन्या हेल्मेटखाली.

"मामाजी, तुमी आमचं सारं वाचून राहिले?"

"मी कायले वाचू वो?" सासरे शालिकराम हसले. "प्लांटमंदी फोरमनच्या केबिनले काळी काच होती. तिच्या भेवानं तीस वर्षं हेल्मेट काढलं नाही. रिटायर झालो त्या दिवशी आत पाह्यलं, तं रिकामी खुर्ची!"

 

वंदनाने त्या फोनला चार्जर लावला आणि वर हेल्मेट होतं तसं झाकून ठेवलं.