कोरडा डावा हात

दिव्याच्या निळसर उजेडात शिवराम गावड्यांचे दोन्ही हात पाहून डॉक्टर मृण्मयी चक्रावल्या. कोडावरच्या नव्या मलमाचा हा अभ्यास त्यांचा स्वतःचा होता. मलम फक्त उजव्या हाताला लावायचं आणि डावा कोरडा ठेवायचा, म्हणजे फरक कळतो. पण इथे उजव्यासारखेच डाव्या हाताच्या पांढऱ्या डागांतही रंगाचे ठिपके उगवले होते. सकाळपासून बऱ्याच जणींचं असंच! रंग आपोआप परतत असेल, तर मलमाचा गुण सिद्ध कसा करायचा?

"गावडेकाका, खरं सांगा, डाव्या हाताला मलम लावलंत?"

"देवाशपथ नाही. ट्यूबचं झाकणसुद्धा हीच उघडते."

दोघांच्या नजरा वळल्या, तशा सुलोचनाकाकू ठसक्यात म्हणाल्या, "मी लावलं. दोन्ही हात ह्यांचेच ना? एकाला तूप वाढायचं नि दुसऱ्याला कोरडी भाकरी! असलं डावं-उजवं माझ्याच्यानं नाही व्हायचं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण आनंदही पोटात मावेना, कारण मलम लागू पडत होतं! "काकू, हे आणखी कुणाला शिकवलंत?"

काकू छताकडे बघू लागल्या.

डॉक्टरांनी दार उघडलं. बाहेर बाकावर तपासणीला आलेल्या बायका गप्पा मारत होत्या. त्यांना बघताच सगळ्यांनी डावे हात झटकन पदराखाली घेतले. इतकी वर्षं पांढरे डाग झाकणारे ते पदर आज पहिल्यांदाच परतलेला रंग लपवत होते.